परसातली डोण

दिल्लीच्या लोदी कॉलनीतील आमच्या सरकारी घराला मागच्या बाजूस चांगले ऐसपैस अंगण आहे, असे मी आईला नेहमी सांगत असे. ते खोटे नव्हते. मात्र त्या अंगणात माती नाही, हा तपशील मी गाळीत असे. वडील गेल्यानंतर राजापूरकडचे घर बंद करून ती आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या सामानात एक कापडी पुरचुंडी होती. ती घेऊन ती सरळ मागच्या दाराशी गेली, भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली फरशी तिने पाहिली, आणि पुरचुंडी तशीच पलंगाखाली सारली. आत अळकुड्या होत्या. तिकडे तिचा निम्मा दिवस परसात जाई. इथे तो निम्मा दिवस ती खिडकीशी बसून काढू लागली. तक्रार तिने केली नाही. केली असती तर मला बरे वाटले असते.

फरशी उखडावी तर घर सरकारचे. पक्के बांधकाम करावे तर परवानगी हवी, आणि ती मिळेपर्यंत माझी बदली ठरलेली. तेव्हा भिंतीलगत एक लांबट कुंडी ठेवावी, असा ठराव आमच्या घरी एकमताने संमत झाला. सहा फूट लांब, सव्वा फूट रुंद, तेवढीच खोल. आईने मापे ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे डोण की रे! गुरांना पाणी पाजायची." त्या क्षणापासून आमच्या घरात तिला कुंडी कोणी म्हटले नाही.

आता ही डोण कशाची असावी? बदल्यांच्या सामानासाठी जपून ठेवलेल्या देवदारी खोक्यांच्या फळ्यांवर माझा डोळा होता; परंतु सुताराने त्या हातात घेऊन, ओली माती आणि वाळवी यांच्यापुढे हे लाकूड दोन पावसाळेही टिकणार नाही, असा निर्वाळा दिला. भाजलेल्या मातीची मागावी, तर सहा फुटांचे सपाट तुकडे वाळताना वाकतात आणि भट्टीत तडकतात, असे कुंभाराने सांगितले. तो एवढी लांब वस्तू करीतच नाही. प्लास्टिकची हलकी असते खरी, पण दिल्लीच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की तिच्या पातळ भिंतीलगतची मुळे शिजून निघतात, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत काठ ठिसूळ होतात. उरली सिमेंटची.

इथे मी थोडे गणित केले. सहा गुणिले सव्वा गुणिले सव्वा म्हणजे सुमारे साडेनऊ घनफूट, म्हणजे अडीचशेच्या वर लिटर माती. ती भिजली की साडेतीन क्विंटलच्या आसपास भार, शिवाय सिमेंटचा निराळा. हा आकडा ऐकून सौभाग्यवतीने खाली चाके बसवण्याची सूचना मांडली. आपल्या संसाराला ती आहेतच, तेव्हा डोणीलाही असू द्यावीत, असा तिचा रोख असावा. आई एवढेच म्हणाली, "मातीला चाकं कशाला लावायची?" सूचना मागे घेण्यात आली.

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि कोवळ्या मुळांना तो बाधतो. म्हणून आठवडाभर डोण पाण्याने भरून ठेवायची, दर दोन दिवसांनी ते ओतून नवे भरायचे, असे माळ्याने बजावले. तळाला वीत-वीत अंतरावर भोके होती. त्यांवर फुटक्या कुंड्यांच्या खापऱ्या पालथ्या घातल्या. डोण थेट फरशीवर टेकली तर भोके बुजतात, म्हणून ती विटांवर चढवली. एका टोकाखालची वीट आईच्या आग्रहाने जराशी पातळ ठेवली. तिकडे न्हाणीघराच्या सांडपाण्यावर अळू माजते, हे तिला शिकवायला नको होते. उतारामुळे जास्तीचे पाणी त्या टोकाकडे सरकेल आणि तेथे अळू लावता येईल, ही तिची योजना. एका डोणीत राहणाऱ्यांची तहान सारखी असावी लागते, नाहीतर एक कुजते आणि दुसरे वाळते. तो पेच तिने एका विटेने सोडवला.

मातीचा प्रश्न मात्र विटेने सुटण्यासारखा नव्हता. आमच्याकडची जांभ्याची माती तांबडी, आम्लधर्मी. येथली यमुनेच्या गाळाची, चुन्याच्या अंगाची, वाळली की विटेसारखी. आईने मूठभर हातात घेऊन चुरली, वास घेतला, आणि तोंड वाकडे केले. दोन भाग ही माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग बदरपूरची जाड वाळू असे मिश्रण केले. तळात मार्चमध्ये गळलेली कडुनिंबाची वाळकी पाने दाबली. महिन्याभरात माती तीन बोटे खचली. ती खचतेच, वरून पुन्हा भर घालायची.

एप्रिलात दक्षिणेच्या भिंतीशी डोण बसली. खालच्या टोकाला अळकुड्या, मध्ये मोगरा, वरच्या टोकाला तुळस. जागा मी निवडली होती, उन्हाचा नीट अभ्यास करून. पण तो अभ्यास एप्रिलातला होता. जूनमध्ये दिल्लीत दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, आणि सहा फुटी भिंतीची सावली अर्ध्या फुटावर संपते. डिसेंबरात तो मध्यान्हीलाही जेमतेम 38 अंश चढतो, आणि त्याच भिंतीची सावली पावणेआठ फूट पसरते. आमची सारी डोण तिच्यात बुडाली. तुळस थंडीने आणि सावलीने काळवंडली. आईने ती वेळीच उपटून निराळ्या कुंडीत, समोरच्या भिंतीशी हलवली, आणि तुळस कधी कोणाच्या पंक्तीला बसत नाही, असे मला ऐकवले. मोगऱ्याची पाने तर उन्हाळ्यातच पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मला त्या मोगऱ्याविषयी विलक्षण आत्मीयता वाटली, हे कबूल करतो.

अळू मात्र माजले. श्रावणात पाने सुपाएवढी झाली. देठ काळसर, वडीचेच अळू. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, पहाटे मला जाग आली ती मागच्या दाराच्या आवाजाने. आई काळोखात देठ कापीत होती. या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, परसातले हाताने पिकवलेले खायचे, हा तिचा नेम. पहिल्या वर्षी, डोण नव्हती तेव्हा, मी बाजारातून भाज्या आणल्या होत्या, आणि आता शेते ट्रॅक्टरने नांगरतात, तेव्हा बैलाचा प्रश्नच येत नाही, असा युक्तिवाद केला होता. तिने भाजी रांधली, आम्हांला वाढली, आणि स्वतः दूध पिऊन राहिली. युक्तिवाद मी पुन्हा केला नाही. यंदा ती आमच्याबरोबर पानावर बसली. चिंच जरा जास्तच पडली होती. बाजारचे अळू घशाला खाजते म्हणून तिला तशी सवय लागली होती, आणि हे अळू तर मुळीच खाजरे नव्हते. तसे मी बोललो नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतले.

डिसेंबरच्या थंडीत पाने लोळली. परवा दुपारी तिने अळकुड्या उकरून काढल्या. सहा लावल्या होत्या, चाळीसच्या वर निघाल्या. त्या वर्तमानपत्रावर सुकवल्या आणि कोरडी वाळू घालून दोन डब्यांत भरल्या. एप्रिलात बदल्यांची यादी निघेल, त्यात माझे नाव असण्याचा संभव आहे, एवढे ती घरातल्या बोलण्यावरून जाणते.

दोन डबे कशाला, असे मी विचारले.

"एक आपल्याबरोबर," ती म्हणाली. "दुसऱ्यातल्या जायच्या आधी डोणीत लाव. येणाऱ्या बाईला सांगून ठेव, पहिल्या वर्षी फार कापू नको म्हणावं."