उलटणे

मराठीत वर्षे उलटतात आणि दुखणेही उलटते. एकाच क्रियापदाचे हे दोन अर्थ मी वर्गात अनेकदा सांगितले असतील. पण ते एकमेकांना इतके चिकटून असतात हे मला २०१३ सालच्या पावसाळ्यात कळले.

आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. पोट जड वाटते म्हणून सोनोग्राफी केली, तर ओटीपोटात गाठ दिसली. पूर्वी काही शस्त्रक्रिया झाली आहे का, या प्रश्नावर ती सहज म्हणाली, "एक्क्याण्णवला पिशवी काढलीय." आमच्या घरीदारी बावीस वर्षे हेच वाक्य रूढ होते. पिशवीबरोबर बीजकोशातली एक गाठही काढली होती आणि ती कर्करोगाची होती, ही गोष्ट त्या वाक्यात कधी शिरलीच नाही.

गाठीचे नाव ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर. स्त्रीबीजाभोवती ज्या पेशींचे वेष्टन असते, त्यांतून ती उद्भवते. बीजकोशाच्या कर्करोगांत हिचे प्रमाण शेकडा दोन ते पाच. ती स्वतःच इस्ट्रोजेन निर्माण करते, त्यामुळे अवेळी रक्तस्राव होतो आणि पुष्कळदा ती लवकर सापडते. पहिल्या अवस्थेत सापडलेल्या शंभर स्त्रियांपैकी नव्वदांहून अधिक पाच वर्षांनंतर जिवंत असतात. आईही होती. १९९६ साली तिच्या डॉक्टरांनी सांगितले, "पाच वर्षं झाली, आता विसरून जा." आम्ही सगळे वणीला गेलो, सप्तशृंगीच्या पायऱ्या चढलो, नवस फेडला. मी तेव्हा एम.ए.ला होते, कथानकाचा शेवट या विषयावर निबंध लिहीत होते. असो.

पाच वर्षे हा आकडा ज्या कर्करोगांवरून रूढ झाला, त्यांचा स्वभाव वेगळा. ते परतायचे असले तर बहुधा लवकर परततात. ही गाठ मात्र दहा, वीस, क्वचित तीस वर्षांहून अधिक काळाने परतल्याच्या नोंदी आहेत. एडवर्ड कॅपलान आणि पॉल मायर यांनी १९५८ साली जगण्याचा आलेख मांडण्याची एक रीत दिली. ती रेषा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते. प्रत्येक पायरी म्हणजे कुणाचा तरी मृत्यू. जे तपासणीला यायचे थांबतात त्यांच्यासाठी रेषेवर एक बारीकशी उभी खूण करतात. इथपर्यंत ही व्यक्ती जिवंत होती, पुढचे आम्ही बोलत नाही, एवढाच तिचा अर्थ. कुणी असा आलेख काढला असता तर १९९६ साली आई त्यात अशी एक खूण झाली असती. मला ती पद्धत प्रामाणिक वाटते. आम्ही मात्र त्या खुणेला पूर्णविराम समजलो.

परळच्या टाटा रुग्णालयात जुने कागद मागितले. जिथे पहिली शस्त्रक्रिया झाली तिथे काहीच उरले नव्हते. गाठीचे नमुने केव्हाच टाकून दिलेले होते. मी हताश होऊन घरी आले. आईने ट्रंक उघडली, पैठणीची घडी उलगडली आणि आतून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्या हातात दिला. १९९१चा पॅथॉलॉजीचा अहवाल. कॉफीच्या दाण्यासारखी खाच असलेली केंद्रके, गाठीचे नाव आणि शेवटी एक ओळ : दीर्घकाळ तपासणी आवश्यक.

"हे तुला ठाऊक होतं?"

"इंग्रजी मला कुठं कळतं गं? पण शेवटच्या ओळीखाली कुणीतरी रेघ मारलेली होती. रेघ मारलेलं टाकून देऊ नये."

घरात साहित्य शिकवणारी मी. सार्वजनिक वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तके आणणारे वडील. तो कागद आमच्यापैकी कुणीच वाचला नव्हता. रागावायला डॉक्टर सोपे होते, आणि मी रागावलेही. त्या रेघेबद्दल मात्र कुणावर रागवावे हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

पुढचे थोडक्यात. पहाटे पंचवटी एक्स्प्रेस, दादर, परळ, शस्त्रक्रिया, गाठ तीच. या गाठीच्या पेशींत फॉक्सएल२ नावाच्या जनुकात ४०२व्या स्थानी 'सी'ऐवजी 'जी' असते, हे २००९ साली प्रसिद्ध झाले. प्रौढ स्त्रियांत आढळणाऱ्या प्रकारात जवळजवळ प्रत्येक गाठीत हाच एका अक्षराचा पाठभेद सापडतो. तरुण डॉक्टरांनी मला ते समजावले तेव्हा हस्तलिखितांच्या प्रती जुळवत बसलेले माझे गुरुजी आठवले. आईला यातले काही नको होते. तिने एकच विचारले, "नवस उलटला का?" डॉक्टर म्हणाले, "नाही आजी, दुखणं उलटलं. ते परत काढता येतं."

२०१९ साली ते पुन्हा काढावे लागले. आता दर सहा महिन्यांनी इन्हिबिनची रक्ततपासणी असते. निकाल येईपर्यंतचे दोन दिवस ती कुणाशी भांडत नाही. आला की भांडते.

मेणात बसवलेले गाठीचे ठोकळे तिने मागून घेतले आहेत. बिस्किटांच्या डब्यात, १९९१च्या कागदाशेजारी ते असतात. एप्रिल लागला की ती तो डबा माळ्यावरून काढून देवघराखालच्या गार फरशीवर ठेवते. हे मेण नाशिकच्या उन्हाने वितळत नाही, असे मी तिला दोनदा सांगून पाहिले.

"तुझी पाच वर्षं पण अशीच होती," ती म्हणाली आणि डबा जरा आत सरकवला.