विंचू चावला म्हणून गैरहजर

आमच्या चढाईच्या गटात आम्ही सात जण. दोघं बँकेतले, एक मेडिकलवाला, एक वकील, एक गॅरेजवाला, मी शाळेतली बाई आणि एक पुरातत्त्ववाली. तिला सगळे ‘ममी’ म्हणतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली. काम इथल्याच जुन्या वस्त्यांच्या उत्खननावर, पण लहानपणापासून वेड मात्र इजिप्तचं. दोन वर्षांपूर्वी साठवलेले पैसे घालून ती पंधरा दिवस इजिप्त फिरून आली, आणि तेव्हापासून आमच्या विनोदांना तोटा नाही.

कड्याखाली बसून दोर गुंडाळायला लागलो की सुरू होतं. कुणाचा हात कातळावरून सुटला की "तुतनखामेनचा शाप!" हे ठरलेलं. त्यावर ती एकदाच म्हणाली होती, "थडगं १९२२ साली उघडलं, उघडणारा हॉवर्ड कार्टर १९३९ साली गेला. शाप जरा सुस्तच होता." गॅरेजवाला म्हणतो, "पिरॅमिड काय चढायचा, तो तर जिना आहे." तेव्हा तिने सांगितलं की जिना दिसतो तो वरचं चुनखडीचं गुळगुळीत आवरण लोकांनी नंतर कैरोतल्या बांधकामांसाठी काढून नेलं म्हणून. मूळ उतार जवळपास ५२ अंशांचा, धरायला खाच नाही. "आता तर चढायला बंदीच आहे, नाहीतर तुला नेलं असतं," असं म्हणून ती चहा ओतायला लागली. ती कधी चिडत नाही. एलियनने पिरॅमिड बांधले, हा विनोद झाला की फक्त गप्प होते.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. त्या दिवशी माझी पाळी होती विनोद करायची. आमचा वकील दोर नीट ओढत नव्हता म्हणून मी म्हटलं, "ह्याला एक चाबूक मारा रे कुणीतरी. पिरॅमिड असेच बांधले, लाखभर गुलाम आणि एक चाबूकवाला. आमच्या शाळेतही तेच चालतं." सगळे खो खो हसले. ममी हसली नाही. थोड्या वेळाने जवळ येऊन हळूच म्हणाली, "अगं, वर्गात पण हेच सांगतेस का?"

हो. बारा वर्षं हेच सांगत होते. पाचवीच्या मुलांना प्राचीन संस्कृतींची ओळख करून देताना पिरॅमिड आले की मी वर्गात चाबकाचा आवाज काढायची. मुलं रंगून ऐकायची. कुठे वाचलं होतं मी हे? कुठेच नाही. लहानपणी टीव्हीवर पाहिलेला एखादा सिनेमा असेल. डी.एड.ला असताना पाठ घेतला तेव्हाही हेच सांगितलं होतं, आणि निरीक्षकांनी शेरा दिला होता, ‘कथन प्रभावी’.

त्या संध्याकाळी परत येताना गाडीत तासभर मी तिला प्रश्न विचारत होते. ती म्हणाली, लाखाचा आकडा हिरोडोटसचा. तो ग्रीक माणूस खुफूनंतर दोन हजार वर्षांनी इजिप्तला गेला होता. आजचे अभ्यासक वीस-तीस हजारांच्या आसपास धरतात. १९९० मध्ये गिझाच्या पिरॅमिडांजवळ एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि तिथे कामगारांची थडगी सापडली. राजाच्या पिरॅमिडच्या जवळ, पाव आणि बीअरची मडकी सोबत ठेवून पुरलेली माणसं. काहींची हाडं मोडून पुन्हा नीट सांधलेली, म्हणजे कुणीतरी उपचार केले होते. शेजारच्या वस्तीत भट्ट्या सापडल्या, गुराढोरांची आणि माशांची हाडं सापडली. गुलामांना असं कोण पुरतं?

मी म्हटलं, "म्हणजे खुशीने आले होते ते?"

"असंही नाही गं," ती म्हणाली. "वेठ होतीच. गावागावातून पाळीपाळीने माणसं यायची, राजाचं बोलावणं आलं की नाही म्हणायची सोय नसणार. पण वेठ आणि गुलामी एकच नाही. आणि तुझ्या गोष्टीत तर त्यांना हातच नाहीत, नुसती पाठ आहे, चाबूक खायला."

हे वाक्य मला लागलं. पाठ्यपुस्तकातली चूक एखाद्या दिवशी दुरुस्त करता येते. पण बारा वर्षांत तीनशेच्यावर मुलं माझ्या हातून गेली, त्यांच्या डोक्यात तो चाबूक मीच ठेवला.

मग तिने हातांबद्दल सांगितलं. आस्वानच्या खाणीत एक अर्धवट कोरलेला ओबेलिस्क अजून जागेवरच आडवा पडला आहे. एकाच ग्रॅनाइटचा, लांबी सुमारे ४२ मीटर, वजन हजार टनांच्या वर. काम चालू असताना दगडाला भेगा पडल्या आणि तो तसाच सोडून दिला. तेव्हा त्यांच्याकडे लोखंडी हत्यारं नव्हती. तांब्याची छिन्नी चुनखडीवर चालते, ग्रॅनाइटवर तिचं तोंड लगेच बोथट होतं. मग ग्रॅनाइट कशाने कोरला? दगडाने. डोलेराइटचे गोल, जड गोळे दोन्ही हातांत धरून खाली आपटायचे, पुन्हा उचलायचे, पुन्हा आपटायचे. प्रत्येक घावाला चिमूटभर भुकटी. खंदकात एकेका माणसाचा वाटा आखलेला, आणि किती खोल गेलं हे मोजल्याच्या लाल रेघा अजून दिसतात. शंभर वर्षांपूर्वी रेजिनाल्ड एंगेलबाख या अभ्यासकाने तिथे स्वतः गोळा घेऊन ठोकून पाहिलं होतं. कापायचं असेल तेव्हा तांब्याची करवत आणि वाळू. कापते ती वाळू, तांबं नुसतं तिला पुढेमागे नेतं. डेनिस स्टॉक्स नावाच्या माणसाने तशी करवत करून ग्रॅनाइट कापून दाखवला आहे.

"डोलेराइट म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा सख्खा भाऊच," ती म्हणाली. "रविवारी तू लटकतेस ना ज्याला, तोच घटक. फक्त सावकाश थंड झालेला."

पण शिक्षक मित्रहो, मला झोप लागू दिली नाही ती पुढच्या गोष्टीने. राजांच्या खोऱ्यातली थडगी कोरणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं, देर अल-मदिना. गाव आणि खोरं यांच्यामध्ये डोंगर. दहा दिवसांचा आठवडा, कामाच्या दिवसांत खिंडीतल्या झोपड्यांत मुक्काम, सुट्टीला घरी. तांब्याच्या छिन्न्या सरकारी, देताना वजन करून द्यायच्या, घेताना वजन करून घ्यायच्या. (आमचा मेडिकलवाला कॅराबिनर मोजून घेतो तसं.) या गावात चुनखडीच्या कपच्यांवर आणि मडक्यांच्या खापरांवर लिहिलेले हजारो मजकूर सापडले. त्यातली एक मोठी कपची आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं चाळिसावं वर्ष, म्हणजे सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं. आणि ते काय आहे? हजेरीपत्रक!

चाळीस कामगारांची नावं. नावापुढे ज्या दिवशी माणूस आला नाही त्याची तारीख काळ्या शाईने, आणि तारखेच्या वर लाल शाईने कारण. आजारी. डोळे दुखतात. विंचू चावला. आईचं प्रेत बांधत होता. घरचं बांधकाम. बीअर गाळत होता. बायको किंवा मुलगी पाळीत होती. साहेबांच्या कामाला गेला होता. हे शेवटचं ऐकून मी इतकी हसले की गाडी चालवणारा दचकला. आपल्यापैकी कोण साहेबांच्या कामाला गेलं नाही?

पगार थकल्यावर हेच लोक काम टाकून निघाले होते, हेही तिने सांगितलं. तिसऱ्या रामसेसच्या राज्याचं एकोणतिसावं वर्ष, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास. पगार धान्यात मिळायचा, तो वेळेवर येईना, तेव्हा सगळे एका मंदिराच्या मागे जाऊन बसले. लेखनिकाने ते सगळं पपायरसवर टिपून ठेवलं. यावर मी जास्त लिहीत नाही, समजणाऱ्याला समजतं.

घरी येऊन मी माझं हजेरीपत्रक उघडलं. माझ्याकडेही लाल पेन आहे. गैरहजर असेल तिथे लाल ‘गै’. कारणाला रकानाच नाही. एका मुलाच्या नावापुढे नोव्हेंबरात अकरा ‘गै’ होते. मुलगा खाणीवर राहणाऱ्या कुटुंबातला, वडील दगड फोडायच्या कामावर. मी काय केलं होतं त्याचं? पालकभेटीला आई आली नाही म्हणून वहीत ‘पालक उदासीन’ असं लिहिलं होतं. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखनिकाने विंचवाची नोंद घेतली आणि मी अकरा दिवसांत एकदाही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात पाचवीच्या वर्गात उभं राहून सांगितलं, "मुलांनो, पिरॅमिडबद्दल बाईंनी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं." मुलांना आधी वाटलं हा काहीतरी खेळ आहे. एकाने विचारलं, "मग चाबूक खोटा?" म्हटलं, "चाबूक बाईंनी सिनेमातून आणला." मग ठरवलं की करूनच बघू. ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा फरशीवाल्याकडून फुकट मिळाला. ओढ्यातून काळ्या पाषाणाचे गोल धोंडे आणले, किलोभराचे. गॅरेजवाल्याने पारदर्शक चष्मे दिले. (पालकांनी काळजी करू नये, एका वेळी एकच मूल, आणि मी शेजारी.) प्रत्येकाने शंभर घाव घालायचे, मग पट्टीने मोजायचं.

पहिल्या पाच मुलांनी दात-ओठ खाऊन आपटलं. हात झिणझिणले, धोंडा सटकला, ग्रॅनाइटवर नुसती पांढरी पुसट खूण. मग तो खाणीवरचा मुलगा उठला. वर्गात तो कधी आपणहून उठत नाही. त्याने धोंडा हातात फिरवून पाहिला, एक बाजू निवडली, आणि मला म्हणाला, "बाई, एवढं दाबून नाही धरायचं. त्याला पडू द्यायचं. पडला की तोच उडतो वर, तेव्हा परत धरायचं." आणि टक, टक, टक, एका लयीत सुरू झाला. जोर दिसतच नव्हता. शंभर झाल्यावर फुंकर मारून भुकटी उडवली तर बोट फिरवल्यावर कळेल एवढा खळगा. वर्ग उठून गोळा झाला. "तू कुठे शिकलास?" "कुठं नाही. बाप करतो तसं."

मग त्याने मला विचारलं, त्या लोकांनी पाचर का नाही मारली? ओळीने भोकं पाडायची, पाचरी ठोकायच्या, दगड आपोआप फाटतो. मला उत्तर येईना. रात्री ममीला फोन केला. ती म्हणाली, आस्वानला पाचरींच्या खुणा दिसतात, पण त्या बऱ्याच नंतरच्या, लोखंड आल्यानंतरच्या. आणि मग म्हणाली, "कुणाचा प्रश्न आहे हा? त्याला सांग, ग्रॅनाइटच्या खाणीत उभं राहिल्यावर अभ्यासकही हेच विचारतात." मी सांगितलं. त्याने नुसती मान हलवली, जणू ते त्याला ठाऊकच होतं.

वर्गात कुणीतरी एलियनचं काढलंच. मोबाइलवर पाहिलं होतं. मी काही बोलायच्या आत दोन-तीन मुलं एकदम म्हणाली, "मग ह्याचा बाप पण एलियन का?" आणि तो स्वतः सगळ्यात मोठ्याने हसला.

तेव्हापासून मी एक साधी वही ठेवली आहे, सरकारी नाही. त्यात गैरहजेरीचं कारण मूल स्वतः सांगेल तसं लिहिते. लाल शाईनेच. उसाला आई गेली. चप्पल तुटली. मामाचं लग्न. बकरी व्यायली. केंद्रप्रमुखांनी एकदा ती वही पाहिली आणि विचारलं, "हे कुठल्या परिपत्रकात आहे?" म्हटलं, "साहेब, फार जुनं परिपत्रक आहे."

गटात मी हे सगळं सांगितलं तेव्हा वकिलाने लगेच माझं नाव ‘लेखनिकबाई’ ठेवलं. पिरॅमिडचे विनोद थांबलेले नाहीत, थांबूही नयेत. गेल्या रविवारी गॅरेजवाला आला नाही, तर ममीने दगडाच्या कपचीवर खडूने लिहून ठेवलं, ‘बीअर गाळत होता’.

खाणीवरचा मुलगा मागच्या शुक्रवारी नव्हता. सोमवारी वही उघडून विचारलं, "काय रे, काय झालं?"

"विंचू चावला, बाई," तो गंभीरपणे म्हणाला. सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि पेन धरून थांबले.

मग खाली बघत म्हणाला, "धाकटी आजारी होती. तिला सांभाळायला कुणी नव्हतं."

मी दोन्ही लिहिलं.