नमुना क्रमांक अकरा

परंड्यात आमच्या घरामागे खव्याची भट्टी आहे. म्हशीचं चार-साडेचार लिटर दूध आटलं की किलोभर खवा पडतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका मिठाईवाल्याने आमचा माल परत पाठवला. त्याच्या मशीनच्या मते त्यातली चरबी दुधाची नव्हती. आबा फोनवर एवढंच म्हणाले, "तू मशीनचंच शिकलास ना? मग बघ की, काय म्हणतीय ती."

मी मशीन लर्निंगवर काम करतो, पण खव्याची रसायनं मला नवीन. दुधाच्या चरबीत ब्युटिरिक आम्ल असतं, वनस्पती तुपात ते नसतं. अशी वाफेबरोबर उडणारी आम्लं मोजणाऱ्या आकड्याला रायकर्ट-माइसल म्हणतात. तो घसरला की भेसळीचा संशय येतो. मिठाईवाल्याचं यंत्र मात्र आम्ल मोजतच नाही. ते खव्यावर अवरक्त प्रकाश टाकतं, कुठल्या तरंगलांबीला किती शोषला गेला ते बघतं आणि आधी शिकवलेल्या नमुन्यांशी ताडतं. ते नमुने कुठल्या गावचे, कुणी जमवले, हे विचारलं तर मिठाईवाल्यालाही माहीत नव्हतं.

आणि आमच्या म्हशी सरकी खातात. जनावराला सरकी भरपूर दिली की तुपातला रायकर्ट-माइसल आकडा खाली येतो. जुन्या भेसळ प्रतिबंधक नियमांत अशा भागांसाठी तुपाची वेगळी, खालची मर्यादाच होती. हे वाचलं त्या रात्री मी आबांना फोन केला. जवळजवळ ओरडलोच. ते म्हणाले, "बरं झालं."

चाचणी उलट्या बाजूनेही फसते. उसाची आणि मक्याची साखर मधात मिसळली तर कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येते. म्हणून भेसळवाल्यांनी तांदळाचं सिरप धरलं, ते त्या चाचणीत सापडत नाही. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले, जर्मनीत एनएमआर चाचणीही करवली. सगळ्या चाचण्यांत तीनच पास झाले.

मग मी सुट्टी काढून गावात नमुने जमवायला लागलो. प्रत्येक डब्यावर म्हैस की गाय, सरकी किती, तारीख. दहा डबे भरले. पण नुसत्या अस्सलवर मॉडेल शिकत नाही, त्याला नकलीही दाखवावं लागतं. "कृती शोधतो कुठेतरी," मी म्हणालो.

आबांनी वनस्पती तुपाचा डबा काढला. दूध अर्ध्याच्या खाली आटेपर्यंत थांबले, जाळ कमी केला, तूप सोडलं आणि उलथनं न थांबवता फिरवत राहिले. काटा वापरला नाही.

"वास घे. कळतंय का?"

कळत नव्हतं.

"किती टाकलं?"

"शेकडा आठ. ह्याच्या वर गेलं की हाताला लागतं."

मी डब्यावर लिहिलं: ११, नकली, आठ टक्के. त्या दिवाळीच्या मालाचं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. आबा खाली बघून भट्टीत लाकूड सारत होते.

"अजून कितीचं पाहिजे? पाच, का दहा?"

"दोन्ही," मी म्हणालो.