फाटकं जाळं द्यायचं कुणाकडे?

दरवर्षी सप्टेंबरात किनारा स्वच्छता मोहिमेचे फोटो येतात. वाळूतून उपसलेल्या हिरव्या-निळ्या जाळ्यांचा ढीग आणि खाली ठरलेली कमेंट: "या कोळ्यांनाच समुद्राची पर्वा नाही." कोळीवाड्याच्या शेजारी वाढल्यामुळे मला याची चीड येते.

नीट बघा काय होतं ते. मासळी घटली की छोट्या होडीवाल्याला तेवढ्याच मासळीसाठी जास्त जाळी टाकावी लागतात. हातात पैसा कमी, म्हणून तंगूसचं स्वस्त, बारीक जाळं येतं. ते लवकर फाटतं. कधी खडकात अडकतं, कधी रात्री वरून ट्रॉलर जातो आणि तुटून वाहून जातं. नायलॉन काही कुजत नाही. वाहून गेलेलं जाळं मासे, खेकडे, कासवं धरतच राहतं. मासळी आणखी घटते आणि चक्र पुन्हा सुरू.

सिस्टीम्स थिंकिंग म्हणतात ते एवढंच: कुणाला झोडपायचं हे ठरवण्याआधी चक्र कुठे तोडता येईल ते शोधा.

मला ती जागा जेटीवर दिसते. केरळात कोल्लमजवळ नींडकरा बंदरात २०१७ साली 'शुचित्व सागरम्' सुरू झालं. मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक बंदरावर आणू लागले, बायकांनी ते निवडलं, यंत्रात बारीक करून ते रस्त्याच्या डांबरात गेलं. आपल्याकडे २०१८ पासून जाळं कापून कासव किंवा व्हेल शार्क सोडला, तर सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. मच्छीमारांनी असे कितीतरी जीव सोडले. नुकसान एकट्याच्या अंगावर पडत नसेल, तर माणूस साथ देतो.

मग फाटक्या जाळ्याला जेटीवरच किलोवर भाव का नसावा? वजनकाटा मच्छीमार सोसायटीचा, पैसा जाळी बनवणाऱ्या कंपन्यांचा. २०२२ च्या नियमांनी पॅकेजिंगवाल्यांवर अशी जबाबदारी टाकली आहे, पण मासेमारीची जाळी त्यात येत नाहीत. युरोपीय संघाने २०१९ च्या कायद्यात ती घेतली.

ट्रॉलरने तोडलेलं जाळं यानं परत येणार नाही, त्यासाठी गस्तच हवी. पण निदान फाटलेलं तरी पाण्यात जाणार नाही.

तुमच्या बंदरावर फाटकं जाळं कोण घेतं? खाली नक्की लिहा.