बावन्न सेकंदांचा हिशेब

मुलांनो, शाळेत उशिरा आलं की तुमच्याकडे काय शिक्षा असते? कुणाला वर्गाबाहेर उभं राहावं लागतं, कुणाला मैदानाला फेरी मारावी लागते, तर कुणाला नुसतं बाईंच्या डोळ्यांकडे बघावं लागतं. आज मी तुम्हाला उशिरा आलेल्या एका गुरुजींची गोष्ट सांगणार आहे. ते गुरुजी म्हणजे मीच. माझी शिक्षा जरा मोठी होती आणि ती एका दिवसात संपली नाही.

मी धाराशिवला राहतो. माझी शाळा तुळजापूरच्या बाजूला, महामार्गालगतच्या एका गावात आहे. चौथीचा वर्ग माझ्याकडे असतो. आमच्या जिल्ह्यातून जाणारा सोलापूर-धुळे रस्ता तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पूर्वी त्याचा नंबर २११ होता, आता तो ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आहे. रस्ता मोठा आणि गुळगुळीत. गाडी पळू लागली की आपण किती वेगात आहोत हे कळतसुद्धा नाही. पण रस्ता मोठा झाला म्हणून गावं काही लांब सरकली नाहीत. आमच्या गावाची शाळा एका बाजूला आहे आणि एक वस्ती दुसऱ्या बाजूला. त्या वस्तीवरची पोरं रोज रस्ता ओलांडून शाळेत येतात.

त्या सोमवारी मला निघायलाच उशीर झाला. कारण काही मोठं नव्हतं. चहा पिता पिता मोबाईल बघत बसलो, मग गाडीची किल्ली सापडेना. घड्याळ बघितलं आणि छातीत धस्स झालं. परिपाठ चुकणार!

गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक गोल फलक आहे. लाल कड्याचा, आत ५० हा आकडा. म्हणजे इथून पुढे ताशी ५० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जायचं नाही. वाहतुकीची चिन्हं शिकवताना मी फळ्यावर हाच फलक काढतो. त्या दिवशी मात्र तो माझ्यासाठी नव्हताच! मी गाडी तशीच दामटली.

इतकं करून व्हायचं तेच झालं. मी पोचलो तेव्हा प्रतिज्ञा संपून मुलं वर्गात जात होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाम पुसत म्हणालो, "गाडी पंक्चर झाली होती." कुणी काही बोललं नाही. विषय संपला, असं मला वाटलं.

चार दिवसांनी रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. माझी लेक सहावीत आहे. आमच्या घरातले सगळे मेसेज तीच वाचते. नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन वाजला. तिने वाचलं आणि ओरडली, "नाना, तुम्हाला फाईन आलाय! दोन हजार रुपये! गाडी जोरात चालवली म्हणून!"

नानांचा घास हातातच राहिला. "मला? म्या तर पंधरा दिस झाले, गाडीला हात बी लावला नाही."

आता तुम्ही म्हणाल, गाडी चालवली गुरुजींनी आणि दंड नानांना कसा? तर आमची गाडी नानांच्या नावावर आहे. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी ती जुनी घेतली. आजकाल पोलीस गाडी अडवून पावती फाडतातच असं नाही. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीतलं यंत्र वेग मोजतं, फोटो काढतं आणि नंबरावरून मालकाला मेसेज जातो. याला ई-चलान म्हणतात.

आमचे नाना एसटीचे ड्रायव्हर होते. तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, एकही अपघात नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अजून कपाटात जपून ठेवला आहे. त्या माणसाच्या नावावर वेगाचा दंड!

मुलांनो, खरं सांगतो, मी लगेच कबूल केलं नाही. मी म्हणालो, "खोटा मेसेज असेल. हल्ली फसवणूक फार चालते." यात खोटं काही नव्हतं. चलानाच्या नावाने खोटे मेसेज येतात, त्यातल्या लिंकला बोट लावलं की बँकेतले पैसे जाऊ शकतात. म्हणून अशा मेसेजमधली लिंक उघडायची नाही, वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन चलान आहे का ते बघायचं. पण मी ते बोललो ते कुणाला सावध करायला नव्हे, स्वतःची सुटका करून घ्यायला.

लेकीने संकेतस्थळ उघडून गाडीचा नंबर टाकला. चलान खरंच होतं. सोमवार, सकाळची वेळ. मर्यादा ५०, वेग ७८. खाली आमच्या लाल गाडीचा फोटो.

ती म्हणाली, "पप्पा, मशीन चुकत असेल का?"

आता कबूल करण्यावाचून इलाज नव्हता. "मशीन चुकलं नाही. गाडी मीच चालवत होतो," मी म्हणालो.

नाना रागावले असते तर बरं झालं असतं. ते काहीच बोलले नाहीत. हात धुऊन ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मी शेजारी जाऊन बसलो, तेव्हा म्हणाले, "नवरात्रात तुळजापूरला चालत जाणारी माणसं रातभर रस्त्यानं असतात. त्यांच्या मागनं एसटी न्यावी लागायची. आतले पॅसेंजर ओरडायचे, ड्रायव्हर, हाणा की जरा! म्या म्हणायचो, पुढं चाललंय ते बी पॅसेंजरच हाय, फकस्त त्यानं तिकीट काढलं नाही." एवढं बोलून ते आत गेले.

रात्री मी तो फोटो पुन्हा बघितला. बोटांनी मोठा केला. आमच्या गाडीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला दोन लहान मुलं उभी होती. अंगावर आमच्याच शाळेचा गणवेश. मोठीने धाकट्याचा हात धरलेला. तिच्या पाठीवर पिवळं दप्तर. ते दप्तर मी ओळखलं. माझ्याच वर्गातली मुलगी होती ती.

मी त्या दोघांच्या अगदी जवळून गेलो होतो आणि ती मला दिसलीच नव्हती! मी डोळे मिटून तर गाडी चालवत नव्हतो. पण वेग वाढला की नजर लांब समोर खिळते आणि बाजूचं सगळं धूसर होत जातं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आता त्याचा फोटोच माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला हळूच विचारलं, "सोमवारी तुम्ही रस्त्यावर उभी होतात, तेव्हा एक लाल गाडी जोरात गेली का गं?"

ती म्हणाली, "हो सर. भावाची टोपी उडाली. तुमचीच गाडी होती ना."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पंक्चर म्हणालात की," ती म्हणाली.

दोन हजारांचा दंड एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. सर खोटं बोलले हे तिला पाच दिवस माहीत होतं. वर सर म्हणाले म्हणजे आपण गप्प बसायचं, हेही ती माझ्याकडूनच शिकली होती.

सुट्टी संपल्यावर मी वर्गासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पंक्चर नव्हतं, मला उशीर झाला होता, मी वेगात गाडी चालवली आणि तुमच्याशी खोटं बोललो. पाय थरथरत होते. वर्ग शांत होता. मग मागून एक पोरगं म्हणालं, "सर, मग तुम्हाला आता काय शिक्षा?"

मी म्हणालो, "गणित."

आम्ही सुतळीचा गुंडा आणि मीटरपट्टी घेऊन मैदानात गेलो. तुम्हीही हे करून बघा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. ताशी ७८ म्हणजे सेकंदाला साडेएकवीस मीटरच्या वर. समोर कुणी आलं, तर ते दिसून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी तितकी पुढे गेलेली असते. त्यानंतर ब्रेक लागतो. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ५० च्या वेगातली गाडी एकूण २८ मीटरच्या आसपास थांबते. ७८ च्या वेगातल्या गाडीला जवळजवळ ५५ मीटर लागतात. वेग दीडपटच वाढला, पण अंतर दुप्पट झालं! कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वेग दुप्पट केला तर ते चौपट होतं.

शाळेच्या पायरीपासून २८ मीटरची सुतळी झेंड्याच्या खांबापर्यंत पोचली. ५५ मीटरची सुतळी लिंबाच्या झाडावरून, फाटकातून थेट बाहेर गेली. पोरं खांबापासून फाटकापर्यंत ओळीने उभी राहिली. मी पायरीवरून बघितलं. जी पोरं ५० च्या वेगात वाचली असती, पण ७८ च्या वेगात वाचली नसती, ती ही सगळी. माझा अख्खा वर्ग त्या जागेत मावला.

लेकीने घरी आणखी एक गणित केलं. ५० चा फलक ते शाळा हे अंतर दोन किलोमीटर. ५० च्या वेगाने १४४ सेकंद लागतात, ७८ च्या वेगाने ९२. म्हणजे मी वाचवले ५२ सेकंद. एवढ्या वेळात आपलं राष्ट्रगीतही जेमतेम एकदा म्हणून होतं.

वेगाचा दंड ही काही आजची गोष्ट नाही बरं का. १८९६ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाने ताशी २ मैलांची मर्यादा असताना ८ मैलांनी मोटार हाकली. पोलीस शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडलं! दंड झाला एक शिलिंग. फिनलंडमध्ये हा दंड माणसाच्या कमाईवर ठरतो. तिथे २०२३ साली ५० च्या हद्दीत ८२ च्या वेगाने गेलेल्या एका धनिकाला १ लाख २१ हजार युरो, म्हणजे एक कोटी रुपयांच्या वर दंड झाला. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळचा दंड ४०० रुपयांपर्यंत होता. २०१९ साली कायदा बदलला आणि छोट्या मोटारीसाठी तो १००० ते २००० रुपये झाला. पुन्हा सापडलं तर लायसन्सही जप्त होऊ शकतं. इतकं कडक कशासाठी? २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. सरकारी अहवाल सांगतो की त्यांतल्या दर शंभरांपैकी ७१ माणसं वेगामुळे गेली.

माझे दोन हजार मी भरले. ते लेकीच्या सायकलसाठी बाजूला ठेवलेले होते. सायकल दोन महिने लांबली. ती रुसली नाही, पण माझं गणित मात्र तिने अभ्यासाच्या भिंतीवर चिकटवून ठेवलं. नानांनी पुन्हा विषय काढला नाही. फक्त मी निघताना विचारतात, "किल्ली सापडली का?" आता मी दहा मिनिटं आधी निघतो. ती पिवळ्या दप्तराची मुलगी रस्त्याकडेला दिसली की गाडी थांबवतो आणि भाऊ-बहीण पलीकडे जाईपर्यंत थांबून राहतो.

मुलांनो, तुम्ही अजून गाडी चालवत नाही, चालवूही नका. पण गाडीत तर बसता ना? बाबा, काका, मामा कुणीही घाई करू लागलं, तर घाबरू नका. गोड आवाजात एवढंच विचारा, "किती सेकंद वाचतील हो?" आणि पालकांनो, मुलाने असं विचारलं तर त्याला गप्प करू नका. माझ्या वर्गातली मुलगी गप्प बसली होती, ते मला अजून टोचतं.

विचाराल ना एवढं?