गरीला ओढ लागणार नाही

मेम्फिस, डिसेंबर

ती. मामांस,


जानेवारीत ताईकडे येताना गरी-तंगूस आणू का, असं विचारलंत. काही आणू नका. भाट्याच्या खाडीतलं तुमचं सामान इथे फार जड होईल. गरवायला मात्र नक्की जाऊ. दक्षिणेला गाडीने तासा-सव्वातासावर मिसिसिपी राज्यातलं ईनिड धरण आहे. 1957 साली तिथे 2.35 किलोची पांढरी क्रॉपी नावाची मासळी मिळाली. तो जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. आपल्याला अर्ध्या किलोची मिळाली तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं.

योकोना नदीवरचं हे धरण पूर अडवण्यासाठी बांधलं, 1952 साली पुरं झालं. इथला मोठा पाऊस हिवाळ्यात आणि वसंतात. त्याला जागा हवी म्हणून आधीच पाणी सुमारे 20 फूट उतरवतात. उन्हाळ्यात ओहोळाओहोळांत पांगलेली क्रॉपी मग जुन्या नदीपात्राच्या कडेला, बुडालेल्या खुंटांभोवती थव्याने गोळा होते. तेव्हा तलाव केवढा मोठा आहे, हे बघून घाबरायचं कारण नाही. आपल्या कामाचा भाग थोडा असतो.

खरी मेख पुढे आहे. जागा सापडली तरी मासा सापडला असं नाही, कारण तो तळाला बसत नाही. पंचवीस फूट पाणी असेल तर बारा-पंधरा फुटांवर अधांतरी थांबलेला असतो. पाणी दहा अंशांखाली गेलं की त्याचं पचन मंदावतं; मग तो भक्ष्यामागे धावत नाही, शॅड नावाच्या बारक्या माशांच्या थव्याजवळ नुसता राहतो. शॅड जिथे वरखाली होईल तिथे हाही. त्यात त्याचे डोळे वरच्या अंगाला, त्यामुळे डोक्यावरचं त्याला चटकन दिसतं, पोटाखालचं दिसतच नाही. गरी फूटभर वर राहिली तर तो उचलेल. फूटभर खाली गेली तर दिवसभर बसा. म्हणून मी आधी खोली ठरवतो. दोन-तीन काठ्या वेगवेगळ्या खोलीवर सोडायच्या, पहिला मासा ज्या खोलीवर लागेल तिथे बाकीच्या आणायच्या.

हल्ली होडीला सोनार लावून पडद्यावर मासा बघतात. मीही बघितलंय. मासा आमिषाजवळ येतो, थांबतो, तोंड फिरवून जातो. दिसला म्हणून खातो असं नाही, एवढं त्यातून पक्कं कळलं. अशा वेळी आमिष हलवायचं नाही. दोन ग्रॅमहून हलकं शिसं, त्यावर पिसांचा झुबका किंवा जिवंत बारका मासा, आणि हात स्थिर. होडी हलते तेवढी हालचाल त्याला पुरते.

आता तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. खाडीत मासा गरी घेऊन पळतो, तंगूस बोटाला कापतं, तसं इथे होत नाही. शिशाच्या भाराने काठीचं टोक किंचित वाकलेलं असतं. क्रॉपी खालून वर येऊन आमिष तोंडात घेते, भार उचलला जातो आणि टोक सरळ होतं. तंगूस जरासं सैल पडतं, बस्स. तेवढ्यात काठी हळूच वर घ्यायची. तुमचा तो प्रसिद्ध हिसका दिलात तर तिच्या ओठाचं पातळ कातडं फाटेल आणि गरी रिकामी वर येईल. होडीशी आली की खालून जाळी लावायची, तंगुसाने उचलायची नाही.

घाई करून पहाटे उठायचं नाही. दोन-तीन दिवस हवा एकसारखी राहिली, की दुपारच्या उन्हात मासा जास्त खातो. उत्तरेचा गार वारा नुकताच येऊन गेला असेल तर तो खुंटाला चिकटून राहतो. जाकीट मात्र तरंगणारंच घालायचं. या पाण्यात पडलं तर पोहणाऱ्याचेही हातपाय थोड्या वेळात आखडतात, तुमच्या खाडीतल्या पोहण्याचा उपयोग नाही.

परराज्यातल्यांना वेगळा परवाना लागतो, तो मी काढतो. पासपोर्टवरचं नाव आणि जन्मतारीख कळवा. इथले लोक मक्याच्या पिठात घोळवून तळतात. आपण तांदळाचं पीठ आणि रवा लावू. मसाला मामीला विचारून तुम्हीच आणा, तेवढं सामान चालेल.

तुमचा भाचा,
सुहास