नाचणाऱ्यांचं व्हायोलिन

माझं व्हायोलिन मूळचं आजोबांचं. मिरजेच्या घरात ते नेहमी जमिनीवर बसूनच वाजलं. मांडी घातलेली, उजवं पाऊल थोडं पुढे, व्हायोलिनचं डोकं घोट्याला टेकवलेलं आणि तारा सा-प-सा-प अशा मिळवलेल्या. गजाननबुवा जोशी, वि. गो. जोग, डी. के. दातार ही आमच्याकडे आदरानं घेतली जाणारी नावं. गळ्यातून निघतं ते गजातून निघालं पाहिजे, असं माझे सर सांगायचे. बोटानं एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारायची नाही, वाटेतले सगळे सूर ओलांडत मींडेनं जायचं. दर्ग्याच्या आवारात, जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार आहे, उरुसाच्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत गाणं ऐकत बसायचो. ऐकायचं म्हणजे स्थिर बसायचं, ही माझी समजूत तिथेच पक्की झाली. मान हलायची, हात उठायचा, तोंडातून ‘वाहवा’ निघायची. पायांना मात्र त्यात काही काम नव्हतं.

तेच व्हायोलिन आता आयर्लंडमध्ये, कॉर्कमधल्या घरात असतं. तारा सा-प-रे-ध अशा लावलेल्या असतात, ते खुर्चीवर बसून खांद्याला लावून वाजवलं जातं, आणि ते सुरू झालं की कुणी ना कुणी नाचायला उठतं. हा बदल एका पाणथळ, नापीक आणि संगीतानं ओसंडणाऱ्या मुलखानं घडवला. त्या मुलखाचं नाव श्लीव लूक्रा.

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, कॉर्क आणि केरी हे दोन परगणे जिथे एकमेकांना भिडतात तिथे हा मुलूख आहे; लिमरिकची कडही त्याला लागते. सरकारी नकाशावर त्याची हद्द आखलेली नाही. ती तिथल्या माणसांना विचारावी, आणि प्रत्येकजण थोडी वेगळी सांगतो. जमीन लव्हाळ्यांची आणि पीटची. पाऊल ठेवलं की दबते आणि पाणी वर येतं. ब्लॅकवॉटर नदी इथेच उगम पावते. दक्षिणेला अनू देवीच्या नावाचे दोन गोल डोंगर दिसतात. एगन ओ'राहिली आणि ओवेन रुआ ओ'सुलिव्हन हे आयरिश भाषेतले अठराव्या शतकाचे दोन थोर कवी याच भागातले. ज्या मातीत धड पीक येत नव्हतं, तिथे कविता आणि वादन पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलं. तो भाग एकदा पायी हिंडल्यावर मला याचं नवल वाटेनासं झालं. घरं लांब लांब, रात्री मोठ्या, आणि शेजाऱ्याच्या घरी जमायचं तर काहीतरी कारण लागतंच. नाच हे सगळ्यात चांगलं कारण.

आयर्लंडमध्ये नाचाच्या धुनांत बहुतेक ठिकाणी रील वाजते. श्लीव लूक्रात मान पोल्का आणि स्लाइडचा. पोल्का बोहेमियातून निघाली, एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरली आणि या कोपऱ्यात येऊन इथलीच झाली. ती दोन मात्रांची, आटोपशीर. स्लाइड तीन-तीनच्या चार गटांत धावते आणि नाचणाऱ्याला पुढे ओढत नेते. चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात, त्याला सेट म्हणतात. धून लहानशीच असते: बहुतेक वेळा आठ-आठ मापांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. कागदावर पाहिलं तर यात काय आहे असं वाटेल. ते कळायला नाचाच्या खोलीतच उभं राहावं लागतं.

मी तिथे पोचले ते ऑफिसातल्या एका मैत्रिणीमुळे. कॉर्कच्या औषध कारखान्यात नोकरीला लागून थोडे दिवस झाले होते. व्हायोलिन पेटीत पडून होतं. ती रॅथमोरजवळच्या गावची. तिनं मला एका रविवारी तिच्या माहेरी नेलं आणि संध्याकाळी नाचाला. कोपऱ्यात एक फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आणि एक अकॉर्डियन. वाजवणाऱ्यांकडे कुणी बघत नव्हतं. वाजवणारे मात्र सगळा वेळ खाली, बुटांकडे बघत होते. लावणीचा ढोलकीवाला घुंगरांवर नजर ठेवून असतो तसं ते होतं, आणि मला माझ्याच प्रांतातली ही गोष्ट आयर्लंडमध्ये येऊन प्रथमच नीट दिसली.

पुढे त्याच मैत्रिणीच्या ओळखीनं मी एका बाईंकडे शिकायला जाऊ लागले. बाईंनी पहिल्या दिवशी माझ्यापुढे एक कागद ठेवला. पाच ओळी आखलेल्या, पण त्यांवर पाश्चात्य संगीताचे गोळे नव्हते. ओळींमधल्या चार मोकळ्या जागांत आकडे होते: शून्य, एक, दोन, तीन. चार जागा म्हणजे चार तारा. आकडा म्हणजे बोट; शून्य म्हणजे मोकळी तार. बाई म्हणाल्या, ‘‘ही मास्तरांची पद्धत.’’

मास्तर म्हणजे पॉड्रिग ओ'कीफ. जन्म १८८७चा, कॅसलआयलंडच्या पूर्वेला ग्लाऊंटेन गावातला. वडील तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक. आईच्या माहेरी, ओ'कॅलहनांकडे, वादन होतं, आणि पॉड्रिग यांचं लहानपण बरंचसं तिकडेच, मामाच्या फिडलच्या सहवासात गेलं. तेही शाळेत शिक्षक झाले, पण १९२० साली ती नोकरी सुटली. त्यानंतर १९६३ साली वारेपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षं, हा माणूस डोंगर ओलांडत पायी घरोघरी गेला आणि फिडल व अकॉर्डियन शिकवत राहिला. शेतकऱ्यांच्या मुलांना स्वरलेखन वाचता येत नव्हतं. ते आधी शिकवत बसलं तर पहिली धून हातात यायला वर्ष लागलं असतं. मास्तरांनी आकड्यांची रीत वापरली. अकॉर्डियनसाठी वेगळी, बटणांचे आकडे आणि भाता दाबायचा की ओढायचा याच्या खुणा असलेली. शिकवणी झाली की धून कागदावर उतरवून विद्यार्थ्याच्या घरी ठेवून जायची. ते कागद लोकांनी जपले. त्यांतले कितीतरी आज संग्रहांत आहेत, आणि फिडलवादक मॅट क्रॅनिच यांनी मास्तरांच्या वादनावर आणि शिकवण्यावर विद्यापीठात प्रबंध लिहिला आहे.

मी भातखंडे पद्धतीच्या वह्यांवर वाढले. त्या वहीत सुराचं नाव असतं. ते वाचून तुम्ही गाऊ शकता, सतार वाजवू शकता, काहीही करू शकता. मास्तरांच्या कागदात सुराचं नाव नाही. तो सरळ त्या एका मुलाच्या बोटांशी बोलतो: हे बोट इथे ठेव. बाईंकडच्या काही कागदांवर एकाच धुनेचं लेखन दोन विद्यार्थ्यांसाठी थोडं वेगळं होतं. मला त्यातला जिव्हाळा फार मोलाचा वाटतो. संगीत वाचवण्याच्या गोष्टी करताना आपण संस्था, ध्वनिमुद्रणं, महोत्सव यांचा विचार आधी करतो. श्लीव लूक्राचं वादन वाचलं ते आधी एका मास्तरनं पावसात चालत जाऊन अमुक घरातल्या अमुक मुलाच्या हाताला झेपेल असं लिहून दिलं म्हणून.

मास्तर स्वतः कसे वाजवत, तेही सुदैवानं ऐकायला मिळतं. शेमस एनिस या संग्राहकानं १९५२ साली बीबीसीसाठी कॅसलआयलंडच्या एका पबमध्ये मास्तर आणि त्यांचे दोन शिष्य, डेनिस मर्फी आणि त्यांची बहीण जूलिया क्लिफर्ड, यांचं ध्वनिमुद्रण केलं. ‘केरी फिडल्स’ या नावानं ते १९७७मध्ये रेकॉर्डवर निघालं. नाचाच्या धुना तर त्यात आहेतच; पण मास्तरांनी वाजवलेल्या संथ विलापांच्या धुना ऐकताना मी मिरजेला पोचते. तिथे ठेका नाही, गज लांब आहे, आणि सुराकडे जाणारं बोट वाटेत थबकतं. मास्तर दाराची मोठी किल्ली दातांत धरून ती घोडीला टेकवत आणि व्हायोलिनमधून रडणाऱ्या बाळाची हाक काढत, हे त्या भागात अजून सांगतात. तार बोलली पाहिजे हा आमच्या सरांचा आग्रह मास्तरांना पटला असता.

डेनिस आणि जूलिया ग्नीव्हग्विलाजवळच्या लिशीनचे. घराण्याला लोक ‘विणकर’ म्हणत. डेनिस कामासाठी न्यूयॉर्कला ये-जा करत राहिले. जूलिया लंडनला गेल्या, तिथल्या आयरिश नाचघरांत वाजवत राहिल्या. कर्णा लावलेलं स्ट्रोह व्हायोलिन हीदेखील त्यांची ओळख. परदेशात राहून आपल्या चार गावांचं वादन तसंच्या तसं हातात ठेवणं किती कठीण असतं, हे मला सांगावं लागत नाही. १९६९ साली या भावंडांची ‘द स्टार अबव्ह द गार्टर’ ही रेकॉर्ड निघाली. एकजण धून वर वाजवतो, दुसरा तीच धून एक सप्तक खाली. दोन वेगळे आवाज, पण गज एकाच श्वासात वळतो. सोबत कधी एखादी मोकळी तार घुमत राहते. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे फार जवळचं आहे.

मी शिकताना अडखळले ते गजापाशी. डाव्या हाताच्या धुना लवकर बसल्या. उजव्या हाताला मात्र नवा स्वभाव घ्यावा लागला. पोल्कात जोर मात्रेच्या पाठीमागे येतो, मनगटातून, आणि तिथेच नाचणाऱ्याचा पाय उचलला जातो. बाई मला नुसतं वाजवू देत नसत. त्यांचे यजमान उठून स्वयंपाकघराच्या फरशीवर पावलं टाकत, आणि माझा जोर चुकीच्या जागी पडला की त्यांचं पाऊल हवेतच राही. त्याहून स्पष्ट दाद किंवा नापसंती मी कुठल्या मैफलीत अनुभवलेली नाही. मींड काढून टाकायला बाईंनी कधी सांगितलं नाही. ती संथ धुनांसाठी राखून ठेव, म्हणाल्या, तिथे आमच्याकडेही तिचं काम आहे.

शास्त्रीय वर आणि नाचाचं खाली, अशी एक शिडी माझ्या मनात लहानपणापासून होती. कुणी मुद्दाम ठेवली नव्हती, पण होती. ती त्या स्वयंपाकघरात मोडली. स्थिर बसून ऐकणाऱ्यांसाठी वाजवणं ही मोठी साधना आहे, यात मला आजही शंका नाही. पण आठ माणसांची पावलं आपल्या गजावर विसंबून आहेत, आपण ढिले पडलो तर ती अडखळतील, ही जबाबदारी तितकीच मोठी आहे, आणि तिला शिकणं, रियाझ, गुरू सगळं लागतं.

हे नाच सहज टिकले असंही नाही. १९३५ साली आयर्लंडमध्ये सार्वजनिक नाचघरांचा कायदा झाला. नाचाला परवाना लागू लागला. धर्मगुरू आणि पोलीस घरातल्या नाचांवरही तो कायदा उगारू लागले, आणि देशात ठिकठिकाणी घरातले नाच बंद पडत गेले. वाजवणारे परदेशी गेले. श्लीव लूक्रात नाच टिकवण्याचं श्रेय काही हट्टी माणसांना जातं. नॉकनग्रीमधल्या डॅन ओ'कॉनेल यांच्या पबमध्ये डेनिस मर्फी आणि अकॉर्डियनवर जॉनी ओ'लिअरी सेटसाठी वाजवत. १९७४ साली डेनिस वारले. जॉनी पुढेही वर्षानुवर्षं तिथेच वाजवत राहिले. १९७७च्या त्यांच्या रेकॉर्डचं नावच ‘म्युझिक फॉर द सेट’. त्यांच्याकडच्या तीनशेहून अधिक धुनांचं पुस्तक १९९४ साली निघालं. जॉनीही मास्तरांचेच शिष्य.

या धुनांना मुळात नावं नसतात, किंवा चार-चार असतात. त्या ओळखल्या जातात दिलेल्या माणसावरून: डेनिस मर्फीची स्लाइड, जॉनी ओ'लिअरीची पोल्का, टॉम बिलीची जिग. हे टॉम बिली मर्फी मास्तरांहून वयानं थोडे मोठे, अंध, तेही घरोघरी शिकवणारे. सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या बैठकीत, नवी धून वाजली की पहिला प्रश्न येतो, ही तुला कुणाकडून मिळाली? उत्तरात माणसाचं नाव द्यायचं, जमल्यास गावाचंही. ही रीत मला आपल्या घराण्यांच्या रीतीइतकीच काटेकोर वाटते. बंदिश गाताना कानाला हात लावून गुरूचं नाव घेणाऱ्या लोकांत मी वाढले आहे.

आईला फोनवर पहिल्यांदा पोल्का ऐकवली तेव्हा तिनं विचारलं, ‘‘सम कुठे आहे गं याला?’’ मी पुन्हा वाजवलं. तिनं मांडीवर बोटं मोजली आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला बरोबर हात टाकला. आजोबांच्या व्हायोलिनच्या तारा बदलल्या म्हणून तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, त्यांना ब्रास बँडसुद्धा आवडायचा, लग्नाची वरात थांबवून ऐकायचे.

माझी मुलगी कॉर्कमध्येच जन्मली. ती सेट नाचत नाचत मोठी झाली, त्यामुळे तिच्या गजाला तो जोर कुणी शिकवावा लागला नाही. मास्तरांचे आकडे ती माझ्यापेक्षा झरझर वाचते, आणि माझी लय उतरली की वाजवता वाजवता पायानं फरशी ठोकते. ऑक्टोबरच्या शेवटच्या सुट्टीला कॅसलआयलंडमध्ये मास्तरांच्या नावाचा महोत्सव भरतो. यंदा आम्ही दोघी तिथे एका सेटसाठी वाजवणार आहोत; ती वर, मी एक सप्तक खाली. पहिली पोल्का ठरली आहे, बाईंनी दिलेली. दुसरीवरून अजून वाद चालू आहे. तिला जॉनी ओ'लिअरींची हवी आहे, कारण नाचणाऱ्यांना ती आवडते. मला जूलिया क्लिफर्डांची. बहुधा तिचंच ऐकावं लागेल. नाचणारे तिच्या ओळखीचे आहेत.